अयूबभाईंच्या तोंडचं पाणी

अयूबभाईंचं तोंड कोरडं पडायला लागलं ते रमजानात, त्यामुळं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. रोज्यात तोंड कोरडं पडणार नाही तर काय होणार? सबंध मोहल्ल्याचंच पडलं होतं. खुद्द अयूबभाईंना तर त्यात थोडा अभिमान वाटत होता, की यंदाचे आपले रोजे जरा जास्तच मनापासून चाललेत. मग ईद झाली, शिरखुर्मा झाला, उरलेला शिरखुर्मा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. तेव्हा कुठं त्यांना शंका आली, की ही काही भक्ती दिसत नाही.

दुसऱ्या कुणाचं तोंड कोरडं पडलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण अयूब शेख होते वाहतूक नियंत्रक. ब्रह्मपुरीकडून आलापल्लीच्या जंगलाकडं निघालं की वाटेत जी तालुक्याची गावं लागतात, त्यांतल्या एका गावच्या बसस्थानकावर खिडकीमागं बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य ते असं म्हणत, की ज्याला कुठंच जायचं नाही तोही लक्ष देई. गाड्या ड्रायव्हर आणतात, पण सुटतात त्या आपल्या आवाजावर, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. आणि आता ‘सिरोंचा’ म्हणायला गेलं की ‘सि’ वरच जीभ अडकायची. पुढचं गाव बाहेर येईपर्यंत सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या बाया पिशव्या उचलून उभ्या राहायच्या आणि परत बसायच्या. गाडी रद्द झाली की काय, त्यांना कळायचं नाही.

वास्तविक कारण त्यांच्या खिशातच होतं. मागल्या दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू झाली, भुसा उडायला लागला आणि त्यांना शिंकांनी पछाडलं. माइकवर ‘चंद्रपूर’ म्हणताना शिंक आली की अर्धं चंद्रपूर हवेत उडायचं. औषधाच्या दुकानदारानं शिंकेवरची एक चपटी गोळी दिली, ती लागू पडली. मळणी संपली, भुसा खाली बसला, तणस गंजीला लागली, पण गोळी चालूच राहिली. लागू पडलेली गोष्ट सोडायची कशाला, असा अयूबभाईंचा विचार. त्या गोळीचा आणि तोंडाचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. शिंक नाकातून येते, गोळी नाकासाठी असते, तोंडानं मध्ये पडायचं कारण नव्हतं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. चौकशीच्या खिडकीशी रोज सकाळी भैयाजी येऊन बसत. भैयाजी निवृत्त तलाठी. सातबारा सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांचा अधिकार होता.

“लाळ म्हणजे काय आहे अयूबभाई, झरा आहे,” भैयाजी पेपर बाजूला ठेवून म्हणाले. “झऱ्याले उकरा लागते. लिंबाची आंबटगोड गोळी ठेवा तोंडात. दिवसभर. लिंबू नैसर्गिक असते.”

शेंगदाणे विकणाऱ्या ठमाबाईंचं मत वेगळं पडलं. “चिंच आणा जी घरी. खाऊ नोका. नुसती पाहा.”

आणि सिरोंचाच्या गाडीचा ड्रायव्हर लच्छू, जो कर्मचारी संघटनेचा स्थानिक पुढारीही होता, त्यानं खिशातून सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्ऱ्याची पुडी काढून सरळ पुढं केली. “हे पाहा. तोंड सुकते म्हणणारा माणूस मले एक दाखवा खर्रा खाणाऱ्यायमध्ये.”

खर्रा अयूबभाईंनी हयातीत खाल्ला नव्हता. या मुलखात हे सांगितलं तर लोक आधी विश्वास ठेवत नाहीत आणि मग दया करतात. पान नाही, खर्रा नाही, तंबाखू नाही. त्यामुळं त्यांचे दात पन्नाशी उलटली तरी लग्नातल्या फोटोत होते तसेच्या तसे होते, आणि ते दाखवायची संधी ते सोडत नसत. लच्छूला त्यांनी दातांसकट नकार दिला. चिंच त्यांनी एकदा पाहिली, पण चिंचेकडं बघत बसलेल्या नवऱ्याकडं जमीलाबी ज्या नजरेनं बघायला लागल्या, ते पाहून तो प्रयोग थांबवला. राहिली लिंबाची गोळी.

गोळीनं चमत्कार केला, हे कबूल करायला हवं. गालात गोळी गेली की तोंडाला पाणी सुटायचं आणि सिरोंचापर्यंतची सगळी गावं घरंगळत बाहेर यायची. अयूबभाईंनी काचेची बरणी भरून आणली आणि माइकशेजारी ठेवली. एक संपली की दुसरी. माइक चांगल्या प्रतीचा असल्यामुळं ‘गडचिरोलीकडे जाणारी’ आणि ‘गाडी’ यांच्या मधला चोखल्याचा आवाज सुद्धा भाजीबाजारापर्यंत ऐकू जात असे. पण लोकांनी सांभाळून घेतलं.

पावसाळा लागेपर्यंत दातांनी कुरबुर सुरू केली. गार पाणी लागलं की एक कळ थेट कपाळात जायची. हिरड्यांच्या कडेनं दातांवर एक तपकिरी रेघ उमटली, पुराचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर उमटते तशी. अयूबभाईंनी त्यावर शिस्तीचा उपाय केला. ब्रश जोरात घासायला लागले. रेघ होती तिथंच राहिली, हिरड्या मात्र वर सरकल्या.

घरात दोघं हिंदीत बोलत. पण जमीलाबींचं माहेर सिंदेवाहीकडचं, त्यामुळं राग आला की त्या मराठीत येत.

“दाताच्या डाक्टरले दाखवा म्हणते मी,” त्या दिवशी त्या मराठीतच म्हणाल्या. “काऊन नाई जाऊन राह्यले?”

“अनोळखी माणसापुढं तोंड वासून पडायचं?” अयूबभाई म्हणाले. “सारा तालुका माझ्या तोंडाकडं कान लावून बसते. तिथी कोणी टॉर्च मारून पाहावं, हे बरं दिसते का?”

जमीलाबींना ते चांगलं दिसत होतं, पण त्या पुढं बोलल्या नाहीत. पुढं बोलल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती.

एव्हाना लिंबाच्या गोळ्यांचा असर उतरायला लागला होता. गोळी संपली की तोंड आधीपेक्षा जास्त सुकायचं. भैयाजींनी नवा सल्ला काढला: पाणी. दर घोषणेआधी पोटभर पाणी. मोठी बाटली आली. आता पाणी आत गेलं की ते केव्हातरी बाहेर जायला मागतं, आणि बसस्थानकावरची मुतारी पार दुसऱ्या टोकाला, उपाहारगृहाच्या मागं. भैयाजींच्या सल्ल्यात या अंतराचा विचार नव्हता.

व्हायचं तेच झालं. पोळा होऊन गेल्यावरची दुपार होती. चार नंबरच्या फलाटावर एक वळू येऊन बसला आणि उठेना, म्हणून आलापल्लीची गाडी ड्रायव्हरनं एक नंबरला लावली. हे माइकवर सांगायचं काम ज्यांचं, ते उपाहारगृहाच्या मागं होते. परत येईपर्यंत गाडी सुटली होती आणि खिडकीशी सुकलू उभा होता.

सुकलू आलापल्लीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावचा. त्याची सून इथल्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि तो घरची गुरं सोडवायला निघाला होता.

“मी चार नंबरावर बसून राह्यलो जी,” तो म्हणाला. “गाडी एक नंबरावरून गेली. बैलं सकाळपासून बांधून आहेत. तुमचा माइक कुठी गेला होता?”

माणूस खरं बोलत होता. अयूबभाईंना माफी मागायची होती, अगदी मनापासून. त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ टाळूला अशी चिकटली की काही केल्या सुटेना. ते नुसते बघत राहिले. सुकलूला वाटलं, साहेब उत्तर द्यायलाही तयार नाही. त्याचा आवाज चढला. त्यानं खिडकीच्या गजांतून हात आत घालून बोट अयूबभाईंच्या नाकाखाली नाचवलं आणि मग तो पाय आपटत जीपच्या अड्ड्याकडं निघून गेला. हे सगळं ठमाबाईंनी पाहिलं, भैयाजींनी पाहिलं, आणि शेंगदाणे खाणाऱ्या झाडून सगळ्या लोकांनी पाहिलं.

स्थानकप्रमुखांनी लेखी खुलासा मागवला. अयूबभाईंनी खरं ते लिहिलं: तोंड कोरडे पडत असल्याने पाणी प्यालो, पाणी प्याल्याने जागा सोडावी लागली. खुलासा परत आला. खाली शेरा होता, ‘सदर कारण नियमात बसत नाही. तोंड कोरडे पडत असल्याबाबत दाखला जोडावा.’

दाखल्यासाठी ते संध्याकाळी एका सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कोणता विभाग? तोंडाचा, म्हणाले अयूबभाई. तोंडाचा विभाग नव्हता. दात होता, घसा होता. तोंड नेमकं कशात येतं यावर बाईंनी आतल्या माणसाला विचारलं, त्यानं आणखी आतल्या माणसाला विचारलं. रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, तोंड कोरडं असेल तर पाणी प्या की. शेवटी त्यांना सर्वसाधारण तपासणीला पाठवलं. रांग मोठी, तोंड सुकलेलं. अयूबभाईंनी सवयीनं एक लिंबाची गोळी गालात टाकली. नंबर लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “आ करा. जीभ दाखवा.” त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, “चांगली ओली तर आहे.” दाखला मिळाला नाही. चूक डॉक्टरांची नव्हती, गोळीची होती, आणि गोळी अयूबभाईंचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इडली होती. लच्छू सिरोंचाहून मुक्कामाची गाडी आणताना तिकडच्या खानावळीतली इडली आणत असे. आदल्या दिवशी त्यानं एक पुडकं अयूबभाईंना दिलं होतं. जमीलाबींनी ती वाफवून ताटलीत वाढली. मऊ, पांढरी, बोटानं दाबली तर बोट आत जाईल अशी. अयूबभाईंनी घास तोडला. कट असा बारीकसा आवाज झाला. वरचा, समोरचा, लग्नाच्या फोटोतला दात मुळाशी तुटून इडलीत राहिला. इडलीला काहीही झालं नव्हतं.

जमीलाबींनी इडली उलटीपालटी करून पाहिली.

“इडलीनं?” जमीलाबी म्हणाल्या.

“कुणाले सांगू नको,” अयूबभाई म्हणाले, आणि ‘सांगू’ म्हणताना नव्या खिडकीतून शिट्टी वाजली.

त्या दिवशी पहिली गाडी नेमकी सिरोंचाची निघाली. ‘थिरोंचा’ गेलं माइकवरून. स्थानकावरची डोकी खिडकीकडं वळली. लच्छूची सुटी होती, तोही धावत आत आला, ठमाबाई टोपली सोडून आल्या, भैयाजी तर तिथं होतेच.

“अयूबभाई, दात कुठी गेला?” लच्छूनं विचारलं.

अयूबभाई काय सांगणार? खर्रा न खाणारा माणूस, दातांवर सगळ्यांना उपदेश करणारा माणूस, आणि त्याचा दात घ्यायला इडली पुरली. नळीच्या हाडानं तुटला म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं होतं, पण ‘हाडानं’ म्हणायच्या आत तोंड सुकलं. त्यांनी हात हलवला आणि कसंबसं म्हटलं, “जाऊ दे.”

या दोन शब्दांनी घात केला. भैयाजींनी लच्छूकडं पाहिलं. लच्छूनं ठमाबाईंकडं पाहिलं. ठमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “कालचा तो. बोट नाचवून राह्यला होता.”

“सुकलू,” भैयाजी म्हणाले. गावोगावच्या माणसांची नावं लक्षात ठेवणं हा तलाठ्याचा धर्म.

अयूबभाईंनी तिथल्या तिथं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पुढं अनेक दिवस त्यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारला, की आपण का म्हटलं नाही. उत्तर लाजिरवाणं होतं. त्यांच्यासाठी खुर्ची आणली गेली. चहा आला, तोही बशीतून, कोमट करून. कर्तव्य बजावताना दात गमावलेला माणूस म्हणून लोक खिडकीतून डोकावून जात होते. काल खुलासा मागणारे स्थानकप्रमुख आज स्वतः येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. एका बाजूला हा मान होता, दुसऱ्या बाजूला इडली होती. अयूबभाई गप्प राहिले, आणि त्यांचं गप्प राहणं लोकांना फार थोर वाटलं.

दुपारपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं. लच्छूनं संघटनेची बैठक घेतली: कर्मचाऱ्यावर हल्ला खपवून घेणार नाही. भैयाजींनी पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला घेतली. तिच्यात ‘सदर इसमाने हेतुपुरस्सर दात’ इथपर्यंत येऊन पुढं ‘निखळविला’ की ‘पाडला’ यावर ते थांबले होते.

“तक्रारीले डाक्टरचा दाखला लागते,” भैयाजी म्हणाले. “चला.”

अशा रीतीनं, बायकोनं सांगून जे झालं नव्हतं ते झालं. अयूबभाई दाताच्या डॉक्टरकडं निघाले, डाव्या बाजूला भैयाजी आणि उजव्या बाजूला लच्छू. पळून जायचीही सोय नव्हती.

मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या माडीवर डॉ. करिश्मा उसेंडींचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई वयानं लहान, आलापल्लीकडच्या, बोलायला मोकळ्या. भैयाजी आणि लच्छूला त्यांनी पडद्याबाहेर बसवलं. अयूबभाई खुर्चीत आडवे झाले, दिवा डोळ्यांवर आला, आणि सबंध तालुका ज्याकडं कान लावून बसतो ते तोंड उघडलं गेलं.

डॉक्टरांनी आरसा फिरवला. तो गालाला चिकटत होता, सोडवून घ्यावा लागत होता.

“दात कसा तुटला म्हणता?”

“इ-ई,” अयूबभाई वासलेल्या तोंडानं म्हणाले.

“किल्ली म्हणते,” बाहेरून लच्छूचा आवाज आला. “किल्लीनं मारलं त्यानं. लिहून घ्या भैयाजी.”

डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला आणि आवाज अगदी खाली आणला. “इडली?”

अयूबभाईंनी डोळे मिटून मान हलवली.

“मार लागलेला दात असा तुटत नाई जी,” त्या म्हणाल्या. “हा हिरडीपाशी आतून सडून गेला होता. इडली नसती तर केळानं तुटला असता. तुमचं तोंड सुकते ना? कोणत्या गोळ्या घेता?”

अयूबभाईंनी खिशातली गोळी काढून दाखवली. शिंकेवरची. दिवाळीपासून. रोज.

“बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “या गोळीनं शिंक थांबते आणि लाळही कमी होते. लाळ म्हणजे दाताची राखणदार. खाल्लेलं धुऊन काढते, आंबट मारून टाकते, दाताले मजबूत ठेवते. ती गेली की दात उघडे पडतात. आणि तुम्ही त्या उघड्या दातावर काय ठेवत होते?”

“लिंबाची गोळी,” अयूबभाई म्हणाले. “दिवसभर.”

“साखर आणि आंबट दोन्ही. म्हणजे राखणदार घरी पाठवला आणि चोराले जेवाले बसवलं.”

पडद्याबाहेर पेपर खाली पडल्याचा आवाज झाला. “लिंबू नैसर्गिक असते,” भैयाजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

इलाज कठीण नव्हता. शिंकेची गोळी मोठ्या डॉक्टरांना विचारून बदलायची किंवा थांबवायची. पाणी थोडं थोडं, घोट घोट. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं. पेस्ट डॉक्टरांनी दिलेली, ब्रश हलक्या हातानं. तुटलेल्याची आणि किडलेल्यांची कामं हळूहळू करायची. शेजारचा दात ठणकत होता, त्याची सुरुवात आजच करू, असं म्हणून त्यांनी सुई दिली. वरचा ओठ, नाक आणि अर्धा गाल बघता बघता परके झाले.

“आणि दाखला?” अयूबभाईंनी विचारलं. ते ‘डाखला’ असं निघालं.

“मार लागून तुटला असं मी लिहू शकत नाई,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्हाले कोणी मारलं का?”

उत्तर द्यायच्या आत पडद्याबाहेर लच्छूचा फोन वाजला आणि तो मोठ्यानं म्हणाला, “सापडला? स्टँडवरच? बसवून ठेवा. सोडू नोका. पोलिसाले बोलवा, आम्ही दाखला घेऊन येऊन राह्यलो.”

सुकलू सुनेसाठी जेवणाचा डबा घेऊन सकाळच्या गाडीनं परत आला होता. दवाखान्यात डबा देऊन घरी जायला म्हणून तो स्टँडवर पोचला आणि त्याला धरलं.

अयूबभाई खुर्चीतून उठले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच, दाताचं काम अर्धवट, गाल बधिर. जिना उतरताना त्यांना आपली फार लाज वाटत होती. एक माणूस बैलं उपाशी असल्याचं सांगायला आला होता, आणि आपण कोमट चहाच्या बशीसाठी त्याला पोलिसांच्या तोंडी दिलं. वाटेत त्यांनी लच्छूला सांगायचा प्रयत्न केला. ओठ हलत नव्हते, जीभ सुकली होती, दात नव्हता. लच्छूला काहीच कळलं नाही. “दम धरा अयूबभाई,” तो म्हणाला, “तुम्ही बोलूच नोका.”

स्टँडवर गर्दी जमली होती. खिडकीबाहेरच्या बाकावर सुकलू बसला होता. त्याच्या दोन बाजूंना दोन कंडक्टर, मांडीवर रिकामा डबा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली.

“मी हातही नाई लावलो जी,” तो येईल त्याला सांगत होता. कालचा चढलेला आवाज आज उतरला होता.

अयूबभाईंनी गर्दीला समजावण्याचा प्रयत्न केला. हातवारे केले. ‘नाही’ म्हणून हात हलवला, तो लोकांना मारामारीचं वर्णन वाटला. तेव्हा ते खोलीत शिरले, खिडकीमागं बसले आणि माइक सुरू केला. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

“ह्रवाशांनी क्रुह्या लक्ष द्यावे,” ते म्हणाले.

स्टँड शांत झालं.

“थुकलूनं मले मारलं,” अयूबभाई म्हणाले, आणि तिथं जीभ टाळूला चिकटली.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ही सोय ज्यानं कुणी केली, त्याचं तोंड कधी सुकलं नसावं. अयूबभाई ‘नाई’ साठी झगडत होते, मान हलवत होते, आणि कर्ण्यातून फक्त कोरड्या जिभेचा चटचट आवाज येत होता. गर्दीत गलका झाला. “ऐका,” लच्छू म्हणाला. “आता तर स्वतःच सांगून राह्यले.” दोन्ही कंडक्टरांनी सुकलूचे दंड घट्ट धरले. सुकलू खिडकीकडं बघत राहिला. इतरांना अयूबभाईंचं वाक्य ऐकू आलं होतं. त्याला त्यांचं तोंड दिसत होतं. उन्हातून वैरण वाहून आलेल्या बैलाचं असतं तसं, उघडं आणि सुकलेलं.

त्यानं एक हात सोडवून घेतला आणि आपली बाटली गजांतून आत दिली.

अयूबभाई प्यायले. अर्धं पाणी बधिर ओठावरून सदऱ्यावर गेलं. उरलेलं जिभेला मिळालं आणि जीभ सुटली.

“नाई,” ते म्हणाले. “मारलं नाई. कोणीच मारलं नाई. दात इडलीनं तुटला.”

एखादी घोषणा झाली की ती पुन्हा एकदा करायची, ही नोकरीतली जुनी सवय. अयूबभाईंनी स्वतःला आवरायच्या आत ती लागू झाली. “पुन्हा ऐका,” ते म्हणाले. “अयूब शेख यांचा दात आज सकाळी घरी इडली खाताना तुटला आहे.” हे भाजीबाजारापर्यंत गेलं. कर्णे त्या दिवशी उत्तम चालू होते.

पुढचं सांगायची गरज नाही. पोलिस यायच्या आत भैयाजींनी तक्रारीचा कागद घडी घालून शेंगदाण्यांच्या पुडीसाठी ठमाबाईंना दिला. लच्छूनं सुकलूची माफी मागितली आणि त्याला चहा पाजला, मात्र अयूबभाईंशी तो आठवडाभर बोलला नाही. आपल्या इडलीची बदनामी झाली असं त्याला वाटत होतं. स्थानकप्रमुखांनी खुलाशाचं प्रकरण परत उघडलं. गावात पोरीबाळीसुद्धा अयूबभाईंना बघून विचारायच्या, आज नाश्त्याला काय होतं, चाचा? घरी जमीलाबींनी पुढच्या सगळ्या शनिवारांना डॉक्टरांकडची वेळ घेऊन ठेवली. नवा दात बसला, किडलेले भरले गेले, शिंकेची गोळी बदलली. तोंडात हळूहळू पाणी परत आलं, पूर्वीइतकं नाही, पण सिरोंचापर्यंत पुरेल इतकं.

सून आणि नातू घेऊन घरी जायला निघाला त्या दिवशी सुकलू खिडकीशी आला. सून बाकावर बसली होती, मांडीवर गुंडाळलेलं बाळ. अयूबभाईंनी बाळाची चौकशी केली, मग बैलांची केली. दोन्ही बरे होते.

“एक सांगू का जी?” सुकलू इकडंतिकडं बघून म्हणाला. “मी तुम्हाले मारलो नाई हे खरं. पण त्या दिवशी मनात आलं होतं.”

अयूबभाईंनी विचारलं, “कुठं मारलं असतं?”

“दातावरच,” सुकलू म्हणाला.

“मग मारायचं होतं ना बाप्पा,” अयूबभाई म्हणाले. “इज्जत तरी राहिली असती.”

सुकलू हसला, अयूबभाईही हसले, नवा दात दिसेल इतके. मग सुकलूनं विचारलं, आलापल्लीची गाडी कोणत्या नंबरावर लागते. अयूबभाईंचा हात माइककडं गेला होता. तो त्यांनी मागं घेतला, खोलीला कडी लावून बाहेर आले, सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि तिघांना गाडीत जागा मिळेपर्यंत फलाटावर उभे राहिले.